सर्वंसहा

आपल्या कोशकारांनीं भूमीस ‘क्षमा’ म्हटलें आहे आणि ‘सर्वंसहा’ही म्हटलें आहे. हीं दोन नांवें एकाच अर्थाचीं आहेत काय?

शेण, पाचोळा, खरकटें, जें द्यावें तें माती पचविते व त्याचें अन्न करून परत देते. ही खरोखर क्षमा होय. मूळच्या घाणीचा तींत मागमूसही उरत नाहीं. परंतु शिसें व कॅडमियम हे धातु कुजत नाहींत. भारतांत शिसेंमिश्रित पेट्रोल 2000 सालीं बंद झालें. पण त्यापूर्वीं धुरावाटे रस्त्याकडेच्या मातींत उतरलेलें शिसें बहुतांशीं वरच्या थरांतच राहतें. जुन्या रंगाचे पोपडे व फोडलेल्या बॅटऱ्या यांच्या शिशाचीही तीच गत. शहरांतील मोकळ्या जागेवर चार घरांनीं मिळून हौसेनें भाजी लावावी, तर तिच्या मुळाशीं हें असूं शकतें. पालेभाजीला व मुळ्या-गाजरांना चिकटलेल्या मातीबरोबर तें ताटांत येतें. खेळणाऱ्या मुलांच्या हातांवरून तोंडांत जातें. मुलांच्या मेंदूस तर शिशाचें कोणतेंही प्रमाण निर्धोक ठरलेलें नाहीं. जपानांत जिन्झू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भातांतून खाणीचें कॅडमियम लोकांच्या हाडांपर्यंत पोंचलें. सरकारनें तें 1968 सालीं मान्य केलें. मातीनें येथें सोसलें होतें, क्षमा केली नव्हती.

यांत न जाणतां भाग घेणारा दोषी कितपत? परसांतील मेथीची जुडी शेजारीं द्यावी, हा आपला जुना रिवाज. देणाऱ्याच्या मनांत स्नेहच असतो. या प्रश्नाचें उत्तर आमच्या कोपरगांवींच सांपडतें. येथें गोदावरीच्या बेटांत शुक्राचार्यांचें मंदिर आहे. असुरांनीं कचाची राख मद्यांत कालवून त्यांना पाजली. मेलेल्यास उठविणाऱ्या गुरूलाही आपण काय पितों हें कळलें नाहीं. कळल्यावर मात्र त्यांनीं अज्ञानाची सबब सांगितली नाहीं. मद्यपानच निषिद्ध ठरविलें.

झाल्या गोष्टीपुरतें अज्ञान क्षम्य आहे. विचारण्याचें टाळून जपलेलें अज्ञान तसें नाहीं. जागेवर पूर्वीं काय होतें हें विचारावें, माती तपासून घ्यावी, संशय असल्यास उंच वाफे करून त्यांत निर्दोष माती भरावी. एवढें केल्यावांचून दिलेली जुडी हें दान नव्हे.

सोसणारीनें तक्रार केली नाहीं म्हणजे तिनें क्षमा केली, ही समजूत आम्ही घरांतूनच शिकलों आहों. तीच घेऊन आम्ही मातीकडे गेलों.