नमुना सात, नमुना बारा

अक्काने काढलेले घड्याळ भाचीने माझ्यापुढे ठेवले. वर्तुळ सुबक होते, बाराचा आकडा माथ्यावर होता. परंतु अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले असता तिने एक काटा अकरावर नेला होता आणि दुसरा, दोनावर न नेता, दहावर. जिने लहानपणी मांडीवर बसवून मला घड्याळ वाचायला शिकविले तिचाच हा हात, या विचाराने महसूल खात्यात तीस वर्षे लोकांच्या कैफियती स्वस्थचित्ताने ऐकलेल्या मला बराच वेळ शब्द फुटला नाही.

"आईच्या रक्ताचाही निकाल आला आहे, मामा," ती म्हणाली. "पी-टाऊ २१७ नावाच्या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आहे, म्हणजे मेंदूत अल्झायमर रोगातली अमायलॉइडची पुटे साचलेली असण्याचा संभव फार मोठा."

"मग माझेही रक्त तपासून टाक. सख्खा भाऊ आहे मी तिचा."

"तुम्हांला विसर पडतो का?"

"अद्याप नाही."

"मग नको."

जी दिवसभर हेच काम करते तिने नकार द्यावा, याचे मला नवल वाटले. "हे बघ," मी म्हणालो, "सातबारा हा लोक एकच कागद समजतात, पण ते नमुने दोन. जमीन कोणाच्या नावे हे सातमध्ये लागते, आणि तीत यंदा कोणते पीक उभे आहे हे बारामध्ये. तुझी ती घड्याळाची परीक्षा म्हणजे पीकपाहणी. रक्त हा नमुना सात. जमिनीवर दुसऱ्याचे नाव चढले हे पंधरा-वीस वर्षे आधी कळू शकत असताना पीक बुडेपर्यंत माणसाने का थांबावे?"

"कारण सातवर एकाचे नाव आणि कसणारा दुसराच, असे दावे तुम्हीच चालविले आहेत. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून जोगिणींचा अभ्यास केला. ६७८ जणींनी मरणोत्तर आपला मेंदू देण्याचे मान्य केले होते. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या. अखेरपर्यंत त्यांचे गुण उत्तम होते, आणि मेंदू उघडला तेव्हा त्यात या रोगाची पुटे आणि गुंते विपुल आढळले. त्यांना सत्तरीतच हा कागद हाती दिला असता तर पुढची तीस वर्षे त्यांनी कशी काढली असती?"

"म्हणजे त्यांना रोग होता की नव्हता?"

"तोच तर वाद आहे. २०२४ साली अमेरिकेच्या अल्झायमर्स असोसिएशनने नेमलेल्या तज्ज्ञांनी ठरविले की रोग म्हणजे मेंदूतला जैविक बदल, लक्षणे मागाहून आली तरी चालेल. त्याच वर्षी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने म्हटले की ज्याची स्मृती शाबूत आहे त्याला रोगी म्हणू नये, धोक्यातला माणूस म्हणावे. मात्र लक्षणे नसलेल्याची नित्याच्या व्यवहारात तपासणी करू नये, यावर दोघांचे एकमत आहे. आणि पीकपाहणीही निर्दोष नसते, मामा. चौथी शिकलेल्या बाईला शाळेतल्या माणसाचे प्रश्न विचारले की ती न विसरताही नापास होते. म्हणून हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांसाठी परीक्षा नव्याने बांधताना, 'डोळे मिटा' हे वाक्य वाचायला देण्याऐवजी, माझ्या तोंडाकडे पाहा आणि मी करतो तसे करा, असे सांगितले गेले."

मला फ्रँकफर्टची ती बाई आठवली, जिची हकिकत भाचीनेच मागे मला सांगितली होती. आउगुस्टे डेटर, १९०१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, इस्पितळात आणलेली. डॉक्टर अल्झायमर यांनी नाव लिहायला सांगितले, तर तिने 'श्रीमती' एवढे लिहिले आणि पुढचे विसरली. १९०६ मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली गेला. एकाच बाईच्या वाट्याला पीकपाहणीही आली आणि नमुना सातही. पण दुसरा कागद तयार झाला तो ती तो वाचायला उरली नसताना. तिचे दप्तरही पुढे गहाळ झाले आणि १९९५ साली पुन्हा सापडले. ज्याने जन्मभर दप्तरे सांभाळली त्याला ही गोष्ट चटका लावून जाते.

"आमच्याकडे फेरफाराची नोंद धरली," मी म्हणालो, "तरी हितसंबंधीयांना नोटीस दिल्यावाचून आणि हरकतीला १५ दिवस दिल्यावाचून ती मंजूर होत नसे. तुम्ही वीस वर्षांची नोटीस देऊ शकता. पण हरकत ऐकायला कचेरी कुठे आहे?"

"कचेरी नुकती उघडली आहे, आणि लहान आहे. लेकानेमॅब हे औषध दीड वर्षात ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावते, तेही आरंभीच्या रुग्णांत. मेंदूला सूज येण्याचे, रक्तस्रावाचे भय राहतेच. आणि मामा, नोटीस घ्यायला नकार दिला म्हणून फेरफार थांबत असे का?"

"नाही. पंचांसमक्ष दाराला चिकटवीत असू."

आम्ही दोघेही गप्प झालो. ओटीवर अक्का तांदूळ निवडीत होती. सुपातून तिचे बोट फिरे, थांबे, आणि प्रत्येक वेळी खडाच उचलून बाजूला टाकी; आपण सकाळीच जेवलो हे जिला आठवत नव्हते तिच्या हाताला दाणा आणि खडा यांतला भेद अचूक कळत होता.

मला त्या क्षणी एवढेच स्पष्ट दिसले की जो हा निर्णय करू शकतो तो रोगी नसतो, आणि रोगी झाल्यावर निर्णय त्याच्या हातचा राहत नाही. म्हणून माझे रक्त आज न तपासताही माझा जबाब मात्र आजच घेतला पाहिजे.

"कागद घे," मी म्हणालो. "लिही. माझी पीकपाहणी दरसाल तू स्वतः करावीस. ज्या वर्षी पीक उतरेल त्या वर्षी रक्त घ्यावे, आणि निकाल प्रथम मला सांगावा. मुलांना नव्हे, त्यांच्या काळजीपोटीही नव्हे. मी विसरलो तर पुन्हा सांगावा."

"कितीदा, मामा?"

"मी विचारीन तितक्यांदा."

तिने माथ्यावर तारीख घातली. "कुणाचा कागद लिहिता गं?" अक्काने विचारले.

"मामांचा."

"असं होय," म्हणून तिने सूप थोडे सरकवले आणि आम्हांला लिहायला जागा करून दिली.