ब्रेकचा तांबडा दिवा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर ब्रेकचा तांबडा दिवा लागला की नजर पहिल्यांदा हँडब्रेककडे जाते, आणि ते बरोबरच आहे. दांडा पुरता खाली बसला नसेल किंवा त्याच्या मुळाशी असलेला छोटा स्विच गंजून अडकला असेल, तर ब्रेक ठणठणीत असूनही दिवा जळत राहतो. दांडा वरखाली करूनही तो विझला नाही, तर गाडी तिथेच थांबवायची, बॉनेट उघडायचे आणि ब्रेक ऑइलची बाटली पाहायची.

चूक होते ती इथे. ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेलेले दिसते, कुणी तरी बाटली काठोकाठ भरतो, दिवा विझतो आणि सगळे समाधानाने पुढे निघतात. पण हे तेल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. बंद नळ्यांतले तेल घटले, म्हणजे एक तर पॅड झिजल्यामुळे पिस्टन बाहेर सरकले आहेत आणि त्यांच्या मागची वाढलेली जागा तेलाने भरून काढली आहे, नाही तर ते कुठून तरी गळते आहे. चाकाच्या आतल्या अंगाला ओल आहे का? मास्टर सिलिंडरच्या खालचा रंग उडाला आहे का? ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे जुनी गळती अशीच सापडते. डहाणूच्या बाजूला समुद्राची खारी हवा असते, तेव्हा लोखंडी नळ्यांवरून बोट फिरवून गंज पाहायलाच हवा.

कधी ऑइल पुरेसे असते आणि तरी दिवा लागतो. अशा वेळी बाटलीच्या झाकणाजवळची वायर काढून बघावी. दिवा विझला तर दोष आतल्या फ्लोटचा. जुना फ्लोट तेल पिऊन जड होतो आणि बुडतो. विझला नाही तर हँडब्रेकचा स्विच किंवा वायर कुठे तरी अर्थ झाली आहे. दोन स्वतंत्र सर्किटांच्या काही जुन्या गाड्यांत आणखी एक स्विच असतो. एका सर्किटचा दाब पडला की त्यातला लहानसा पिस्टन एका बाजूला सरकतो आणि दिवा लावतो. अमेरिकेने 1968 पासून मोटारींना अशी दुहेरी व्यवस्था आणि हा दिवा सक्तीचा केला. ब्रेक गेल्याचे चालकाला अपघाताच्या आधी कळावे, एवढाच त्याचा हेतू.

तलासरी तालुक्यातल्या झरीत एका वाडीवर मी एक जुनी मोटार पाहिली. पेडल दाबले की पाय खोल जायचा, पण डॅशबोर्ड स्वच्छ. दिवा सारखा लागतो म्हणून कुणी तरी बल्बच काढून ठेवला होता.

झरीत उभे राहून हे पाहताना 1945 चा वारली आदिवासींचा लढा आठवल्यावाचून राहत नाही. माणसाच्या यातनेची आणि यंत्राच्या बिघाडाची मी बरोबरी करत नाही, पण इशारा नकोसा झाला की तो दाबून टाकायची खोड दोन्हीकडे एकच आहे. 1930च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारच्याच सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने आदिवासी भागांची पाहणी करून अहवाल दिला होता. जमीनदाराकडची वेठ, सावकाराचे कर्ज, मारहाण, हे सगळे सरकारी कागदावर आले होते. कागद राहिला आणि वेठही राहिली. मग 23 मे 1945 रोजी या झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवले की यापुढे फुकट राबायचे नाही. रोजाचे बारा आणे रोख मिळाले तरच जमीनदाराच्या शेतावर जायचे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड हुतात्मा झाले. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी तो ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. अहवाल हाती आला तेव्हाच वेठ बंद केली असती, तर ती गोळी झाडावी लागली नसती, असे मला ठामपणे वाटते.

झरीतल्या त्या मोटारीच्या मागच्या चाकाचे व्हील सिलिंडर गळत होते. रबर किट बदलले, लायनर तेलाने भिजले होते तेही बदलले, नळ्यांतली हवा काढली आणि सगळे ऑइल नवे भरले. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. ताजे डॉट 3 दर्जाचे ब्रेक ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पुरेशी ओल शिरली की ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. जव्हारच्या घाटात उतरताना ब्रेक तापले आणि तेल उकळले तर नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. आपल्याकडच्या पावसात दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे म्हणूनच गरजेचे. बल्बही परत बसवला.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल, तर आज एवढे करा. किल्ली फिरवा, हँडब्रेक ओढा आणि दिवा लागतो का पाहा. लागला नाही, तर आधी बल्ब तपासा आणि मगच गाडी रस्त्यावर काढा.