पावलावरची नाडी

बसा. मोजे असतील तर काढा. तळवे जमिनीला टेकू द्या.

एक श्वास. सावकाश.

आता वाका. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या फटीतून हाताची दोन बोटं वर सरकवत पावलाच्या मध्यावर आणा. दाबू नका. नुसती ठेवा.

काही लागतंय? बारीकसा ठोका. मग पुन्हा.

लागला नाही तरी घाबरू नका. काही धडधाकट माणसांतही ही नाडी हाताला लागत नाही.

थांबा तिथेच.

बोटांखाली धमनी आहे. तिला आतून अस्तर आहे. कांद्याच्या पापुद्र्यासारखं, एकाच पेशीच्या जाडीचं. रक्त त्याला घासून जातं. तेव्हा अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, आणि धमनी सैलावते.

तुम्हीही खांदे सैल सोडा.

टाइप टू मधुमेहात साखर वर्षानुवर्षं चढलेली राहते, तेव्हा हे अस्तर दुखावतं. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. धमनी आखडते. आणि बाहेर काहीच जाणवत नाही. बोटांनाही नाही.

श्वास घ्या. सोडा.

आता लक्ष आणखी आत न्या. हाडांच्या आत, अस्थिमज्जेत. तिथून काही पेशी रक्तात उतरतात आणि दुखावलेल्या अस्तराकडे जातात, डागडुजीला. ताकायुकी असाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली माणसाच्या रक्तात अशा पेशी दाखवल्या. त्या स्वतःच अस्तर होतात, की तिथल्या पेशींना नुसती उभारी देतात, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. असू दे. आपण त्यांच्यासोबत वाहू.

मधुमेहात या पेशी रक्तात कमी असतात. ज्या असतात, त्यांचं बळही उणं.

याच्यापाशी थोडं थांबा. दुरुस्तीची गरज जास्त, आणि दुरुस्त करणारे थोडे.

पुन्हा श्वास.

आता टाच किंचित उचला. टेकवा. पोटरी आवळते, सुटते. चालताना हेच होतं: रक्त वेगाने अस्तरावरून जातं, आणि अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड सोडतं. नियमित व्यायामाने डागडुजीच्या पेशीही रक्तात वाढलेल्या दिसल्या आहेत. औषध चालू ठेवून चालणं, हे माझ्या मते सर्वांत साधं काम आहे.

उचला. टेकवा.

मग पाऊल उलटं करून तळवा बघा. बोटांच्या फटी बघा. मधुमेहात पाय बधिर होऊ शकतात. मग काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून रोज बघा. जखम दिसली तर त्याच दिवशी दाखवा. आणि पुढच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांनी सांगायची वाट न पाहता चपला काढा आणि पाय त्यांच्यापुढे ठेवा.