टाक्याटाक्यात शुभचिंतन



घरात बारसे, मुंज, डोहाळेजेवण किंवा लग्न ठरले की आपण यादी करायला बसतो. कार्यालय, जेवणाचे कंत्राट, फोटोवाला, पाहुण्यांना द्यायच्या भेटवस्तू. यादी पुरी झाली की कुणाला किती पैसे द्यायचे याचा हिशेब सुरू होतो. या यादीत एक ओळ हल्ली लिहायची राहून जाते : या मंगलकार्यासाठी मी स्वतःच्या हाताने काय करणार आहे?

एके काळी हा प्रश्न कुणाला विचारावा लागत नसे. घरात बाळ येणार म्हटले की आजीच्या ट्रंकेतून जुनी सुती लुगडी बाहेर निघत. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेल्या त्या कापडाची दुपटी, झबली, टोपडी, कुंची शिवली जाई आणि उरलेल्या तुकड्यांची गोधडी होई. रुखवतात नवरीने विणलेले तोरण आणि भरतकामाचे रुमाल मांडले जात. पहिल्या संक्रांतीला बाळासाठी आणि नव्या सुनेसाठी हलव्याचे दागिने घरीच दोऱ्यात गुंफले जात. देवाचे वस्त्रसुद्धा घरातच होई. कापूस वळून, त्याला हळद-कुंकवाची बोटे लावून केलेली वस्त्रमाळ आजही अनेक घरांत गणपतीला आणि गौरीला वाहिली जाते.

आज हे सारे तयार मिळते. ते विकत आणण्यात काही पाप नाही. नोकरी, लहान घरे, धावपळ हे सगळे खरे आहे. पण एक गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती म्हणजे वस्तू करताना, ज्याच्यासाठी करतो त्याचे झालेले स्मरण. त्याविषयीच आज विचार करू.

सुई हातात, मन कुठे?

गोधडीला फार अवघड टाका लागत नाही. साधा धावदोरा पुरतो. सुई खाली, सुई वर, ओळीला ओळ. बाळाची लहानशी गोधडी असली तरी हजारो टाके होतात. जो कुणी असा बसला आहे त्याला ठाऊक आहे की पहिल्या दहा मिनिटांत हात लयीत येतात आणि मन मोकळे सुटते. ते कुठे जाते? कालच्या बोलण्याकडे, कुणी केलेल्या अपमानाकडे, उद्याच्या काळजीकडे. टाका मोठा पडतो, दोरा गुंततो, सुई बोटात रुतते. मग आपण भानावर येतो.

जप करताना याहून वेगळे काय होते? मन पळते, आपण त्याला परत आणतो, पुढचा मणी ओढतो. म्हणून शिवणकाम ही जपाची सोपी जोड आहे. प्रत्येक टाक्याला इष्टदेवतेचे नाम घ्यावे किंवा ज्याच्यासाठी शिवतो आहोत त्याच्यासाठी एक छोटी इच्छा करावी : याला निरोगी आयुष्य लाभो, हिचे बाळंतपण सुखरूप होवो, या दोघांचा संसार गोडीचा होवो. नाम बाळाच्या अंगाला लागते की नाही याचा वाद घालू नका. घेणाऱ्याच्या मनात काय होते ते तपासणे सोपे आहे. तेवढे तपासून पाहा.

ते कुठे तपासावे? आवडत्या नातवासाठी शिवताना प्रेम येणारच, त्यात साधना थोडी. खरी कसोटी दुसरीकडे आहे. सून आणि सासूचे पटत नाही. दोन वर्षांपूर्वीचे एक वाक्य दोघींच्याही मनात रुतून बसले आहे. आता सुनेचे डोहाळेजेवण आले. अशा वेळी सासूने तिच्यासाठी एक शाल विणायला घ्यावी. पहिले काही दिवस हात विणतील आणि मन भांडेल. पण रोज संध्याकाळी अर्धा तास, महिनाभर, एखाद्या माणसाला ऊब मिळावी म्हणून काम करत राहायचे आणि त्याच वेळी त्याच्यावर रागही धरायचा, हे फार काळ जमत नाही. दोहोंपैकी एक सुटते. शाल सुटली तर समजावे की राग अजून आपल्याला प्रिय आहे. राग सुटला तर त्या घरात जे बाळ येईल त्याला दिलेली ती सर्वांत मोठी भेट असेल. हाच उपाय सुनेने सासूसाठी आणि भावाने भावासाठी करावा.

शिंप्याच्या घरातून पंजाबपर्यंत

कुणाला वाटेल, शिवणे-विणणे हे बायकांचे काम, त्याचा अध्यात्माशी काय संबंध? आपल्या संतपरंपरेकडे पाहा. काशीचे कबीर विणकर होते. आपले संत नामदेव शिंप्याच्या घरात जन्मले. इ. स. 1270 हे त्यांचे जन्मवर्ष मानले जाते. कातर, गज, सुई, दोरा ही त्यांच्या घरातली रोजची अवजारे, आणि आपल्या रचनांत त्यांनी याच अवजारांची रूपके भक्तीसाठी वापरली. कामाची बैठक त्यांना भजनाच्या बैठकीपासून वेगळी वाटली नाही. पंढरपूरचे हे वारकरी पुढे पंजाबात गेले, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे राहिले. त्यांची 61 पदे श्री गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानलाच भरले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एका शिंप्याच्या धाग्याने पंढरी आणि पंजाब असे जोडले गेले.

त्याच पंजाबात फुलकारीची परंपरा आहे. जाड्याभरड्या खादीवर रेशमाच्या सैल धाग्याने, कापडाचे धागे मोजत, हे भरतकाम होते. विशेष म्हणजे काम कापडाच्या उलट बाजूने केले जाते. भरणारीच्या डोळ्यांपुढे उलटी बाजू असते आणि फुले पलीकडे उमलत असतात. आपल्या आयुष्याचेही बरेचदा तसेच असते. आपल्याला गाठी आणि सुटे दोरे दिसतात, नक्षी दुसऱ्या बाजूला तयार होत असते.

याच परंपरेत ‘चोप’ नावाचे एक वस्त्र आहे. नात जन्मली की तिची आजी, म्हणजे आईची आई, तिच्या लग्नासाठी ते भरायला घेत असे. चोपीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. तिला उलटी बाजूच नसते. आजीने नातीला संसारात पाठवताना दिलेला हा न बोललेला उपदेश समजावा : आत जशी आहेस तशीच बाहेर दिस. आणि फुलकारीत कुठेतरी एखादा टाका मुद्दाम वेगळ्या रंगाचा घालतात, दृष्ट लागू नये म्हणून. तो टाका आपल्यासाठीही आहे. ‘किती सुरेख जमले!’ ही आपलीच दृष्ट आपल्या कामाला सर्वांत आधी लागते.

बंगालच्या कांथ्यातही हीच भावना आहे. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून, त्यांच्याच काठांतले धागे काढून ते शिवले जात. आपली गोधडी तिची सख्खी बहीण. घरातल्या थोरांनी वापरलेले कापड नव्या जिवाच्या अंगाखाली येते. आजी निघून गेली तरी तिच्या लुगड्याचा काठ पणतीच्या गालाला लागत राहतो.

देऊन मोकळे व्हावे

हाताने वस्तू केली की एक नवा धोका उभा राहतो. विकतच्या भेटीवर आपला जीव नसतो. हाताने केलेल्या वस्तूवर असतो. ‘एवढी मेहनत घेतली, तिने एकदाही अंगावर घेतली नाही.’ ‘माझी गोधडी कपाटात आणि बाजारातले ब्लँकेट बाळाच्या अंगावर!’ असे मनात आले की समजावे, वस्तू दिली पण तिच्यावरचा हक्क दिला नाही.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणे हे कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक. परतफेडीसाठी किंवा मनाला क्लेश देत दिलेले राजस. परतफेड म्हणजे पैसेच असतात असे नाही. कौतुकाची वाट पाहणे हीदेखील परतफेडीचीच अपेक्षा.

महात्मा गांधींचे एक उदाहरण यासाठी मननीय आहे. नोव्हेंबर 1947 मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. गांधीजींकडे देण्यासारखी मालमत्ता नव्हती. त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचे, जाळीदार विणीचे एक वस्त्र लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हाती पाठवले. हिरे-मोत्यांच्या भेटींमध्ये ते साधे सुती वस्त्र ठेवले गेले, तेव्हा राजघराण्यातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला तो पंचा वाटला आणि रुचला नाही, असे प्रसिद्ध आहे. गांधीजींचे देणे मात्र तिथेच पूर्ण झाले होते. दोन-अडीच महिन्यांत, 30 जानेवारी 1948 रोजी, ते गेले. पुढे अनेक दशकांनी त्याच राणीने ते वस्त्र भारताच्या पंतप्रधानांना आवर्जून दाखवले. आपल्या भेटीची किंमत कधी, कुणाला कळेल हे आपल्या हाती नाही. सूत कातताना मन कसे होते, एवढेच आपल्या हाती असते.

घरच्या कार्यासाठी छोटी साधना

पुढचे मंगलकार्य ठरले की इतके करून पाहा :

1. एकच वस्तू निवडा. झबले, गोधडी, तोरण, राखी, वस्त्रमाळ, आहेराची कापडी पिशवी यांपैकी आपल्याला झेपेल ती. शिवता येत नसेल तर वाती वळा, मणी ओवा.

2. घरातलेच कापड घ्या. बाळासाठी जुने, मऊ, स्वच्छ धुतलेले सुती कापड उत्तम. बाळाच्या कपड्यांना मणी, टिकल्या, सुटी बटणे लावू नका, आणि काम संपल्यावर सुया मोजून ठेवा.

3. वेळ ठरवा. रोज अर्धा तास, शक्यतो सायंप्रार्थनेनंतर. फोन दूर ठेवा. प्रारंभी ज्याच्यासाठी करतो आहोत त्याचे नाव घेऊन मनात संकल्प करा.

4. सर्वांना सामील करा. आजोबांनी सुईत दोरा ओवून द्यावा, मुलांनी तुकडे जुळवावेत, पुरुषांनीही चार ओळी घालाव्यात. नामदेवांच्या परंपरेत सुई धरायला कुणी लाजू नये. हात थकलेल्या वृद्धांनी शेजारी बसून नाम घ्यावे. त्यांचाही टाका त्यात पडतो.

5. वेळ नसेल तर करवून घ्या. गावातल्या किंवा वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या भगिनीला काम द्या आणि तिच्या कष्टाचा मोबदला घासाघीस न करता द्या. तिच्या घरची चूल पेटणे हाही आपल्या मंगलकार्याला मिळालेला आशीर्वादच आहे.

6. देण्यापूर्वी देवापुढे ठेवा. नमस्कार करा आणि म्हणा, ‘हे आता माझे नाही.’ त्यानंतर ती वस्तू कशी वापरली जाते याची चौकशी करू नका.

बंधू-भगिनींनो, गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःला दोऱ्याची उपमा दिली आहे. मण्यांची माळ होते ती आतल्या दोऱ्यामुळे, आणि दोरा कुणाला दिसत नाही. घरही असेच कुणाच्या तरी न दिसणाऱ्या श्रमांवर आणि शुभचिंतनावर बांधलेले असते. तो दोरा होण्याची संधी प्रत्येक मंगलकार्य आपल्याला देते. ज्याच्याशी मन जुळत नाही अशा एका आप्ताचे नाव आज आठवा. त्याच्या घरच्या पुढच्या कार्यासाठी काहीतरी स्वतःच्या हाताने करायला घ्या. पहिला टाका अवघड जाईल. तो घालण्याचे बळ परमेश्वर आपणा सर्वांना देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.