माघारी न येणारं पीक

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात सहा एकरांचा एक शेतकरी होता. बापाच्या काळी त्याच्या रानात खरिपाला ज्वारी, मूग, उडीद आणि मधून तुरीच्या ओळी असत. मग सोयाबीन आलं. शंभरेक दिवसांत काढणी, मळणीयंत्रातून थेट पोत्यात आणि दिवाळीला हातात रोख पैसा. बघता बघता सहाच्या सहा एकर सोयाबीनखाली गेले.

२०२४ च्या दिवाळीआधी दहा क्विंटलांची पहिली खेप घेऊन तो लातूरच्या आडत बाजारात गेला. हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. खरेदीदाराने पोत्यात हात घातला, मूठभर दाणे तळहातावर चोळले, यंत्रावर ओलावा पाहिला.

"पंधरा भरतोय. बाराच्या वर भाव उतरतो. चार हजार. परवडत नसेल तर ने माघारी."

त्याने मुकाट्याने माल दिला. येताना किराणा घेतला: तेलाचे पुडे, चिप्स, सोयावडी.

घरी लेकीने वडीचा पुडा उलटा करून वाचला आणि ओरडली, "आज्जी, हे तर आपलंच सोयाबीन!"

आज्जीला उमजेना. मग त्याने मिलची रीत सांगितली. क्विंटलामागे अठरा किलोच्या आसपास तेल निघतं. ते रिफाइन होऊन घरोघरी आणि फरसाणवाल्यांच्या कढईत जातं. उरते ती पेंड. तिच्यातली बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि थोड्या पेंडीचं पीठ होऊन या वड्या बनतात. दोनशे ग्रॅमच्या त्या पुड्यात त्याच्या किलोभर सोयाबीनचे पैसे गेले होते.

"जाऊ दे," आज्जी म्हणाली. "कारखान्यालाबी खर्च असतो. मला एवढंच सांग, माल माघारी का नाही आणलास?"

"आणून काय करू, माय? सोयाबीनची भाकर थापणार हायेस का?"

"तेच म्हणते मी. तुझे आबा ज्वारीची गाडी बाजारातून भरलेली घरी आणायचे. भाव पडला की दाणा आम्ही खायचो, कडबा बैलं खायची. याला इकायची घाई नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक असायचं. तुला दुसरी वाट नाही, हेबी त्याला ठाऊक हाय."

"ज्वारीवरची पाखरं कोण राखणार? काढणीला माणूस मिळत नाही. अन् पोरीची फी ज्वारीवर भागंल का?"

"सगळं सोयाबीन मोड, असं कुठं म्हणते मी?"

जूनमध्ये त्याने चार एकर सोयाबीन पेरलं आणि दोन एकरांत ज्वारी, तूर, मूग. पोरीची फी चार एकरांवर, घरची भाकर आणि वरण दोन एकरांवर.

बांधावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं, "ज्वारी बाजारात नेणार का?"

"भाव आला तर," तो म्हणाला.

तात्पर्य : ज्याला माल माघारी आणता येतो, त्यालाच भाव मागता येतो.