अल्लाहने दिलेला सदका नाकारू नका



बारामती-इंदापूर परिसरातील आपल्या ओळखीच्या अनेक घरांत रमजानच्या दस्तरखानावर खजुरांच्या ताटलीशेजारी एक मोबाईलही मांडलेला असतो. इकडे मगरिबची अजान झालेली असते. तिकडे जेद्दाहमध्ये राहणाऱ्या मुलाच्या इफ्तारला अजून सुमारे अडीच तास अवकाश असतो. आई विचारते, ‘‘तब्येत बरी आहे ना?’’ मुलगा म्हणतो, ‘‘अल्हम्दुलिल्लाह.’’ मग तोच प्रश्न मुलगा विचारतो आणि आईही तेच उत्तर देते. कधीकधी दोन्ही उत्तरे खरी नसतात.

काही वर्षांपूर्वी मी इंदापूर तालुक्यातील एका मशिदीत इमामत करीत असताना सौदीहून एका तरुणाचा फोन आला. मूतखड्याच्या त्रासाने तो इस्पितळात दाखल होता. झोपून नमाज कशी अदा करावी, हे त्याने विचारले आणि शेवटी म्हणाला, ‘‘मौलाना, अम्मीला कळू देऊ नका.’’ त्याच आठवड्यात त्याची आई रोज्याच्या अवस्थेत बेशुद्ध पडली. तिला अनेक वर्षांपासून मधुमेह होता, इन्सुलिन सुरू होते आणि डॉक्टरांनी रोजे ठेवण्यास स्पष्ट मनाई केली होती. बारामतीच्या इस्पितळात मी तिच्या भेटीस गेलो तेव्हा तिचे पहिले वाक्य होते, ‘‘मौलाना, मुलाला कळवू नका.’’ मी हळूच विचारले, ‘‘मनाई असताना रोजा का ठेवलात?’’ ती उत्तरली, ‘‘तुम्हीच तर जुम्याच्या बयानात सांगितले होते, आजारपणातही रोजा न सोडणाऱ्यांची शान काही वेगळीच असते!’’

ते वाक्य माझेच होते. श्रोत्यांमध्ये उत्साह यावा म्हणून मी ते बोललो होतो. त्याच्यासोबत शरीअतचा हुकूम सांगायचे मात्र राहून गेले होते.

परतताना मला हजरत जाबिर (रजि.) यांनी कथन केलेली हदीस आठवत होती. एका प्रवासात एका सहाबीच्या डोक्याला जखम झाली आणि त्यांना गुस्लची गरज पडली. सोबत्यांनी ‘तुम्हाला सवलत नाही’ असे सांगितले; त्यांनी स्नान केले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना हे कळले तेव्हा ते त्या सल्ला देणाऱ्यांवर अत्यंत नाराज झाले. अज्ञानावर विचारणे हाच इलाज आहे, अशी समज त्यांनी दिली (अबू दाऊद). म्हणून आज मी ते अर्धवट राहिलेले बयान येथे पूर्ण करीत आहे.

दिव्य कुरआनने रोज्याचा आदेश दिला, तेथेच आजारी आणि मुसाफिर यांना सवलतही दिली आणि अल्लाह तुमच्यासाठी सुलभता इच्छितो, अडचण इच्छित नाही, हेही स्पष्ट केले (२:१८४-१८५). अर्थात ही सवलत आळसाची पळवाट नाही. बरे होण्याची आशा असणाऱ्याने सुटलेल्या रोज्यांची नंतर कजा करावी. ज्याचा आजार कायमचा आहे आणि पुढेही रोजा शक्य दिसत नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे सदकतुल फित्राइतका फिदिया एखाद्या गरिबाला द्यावा. जाणकार डॉक्टर जिवाचा धोका सांगत असताना रोजा ओढत नेणे ही परहेजगारी नव्हे. जीव ही अल्लाहची अमानत आहे. इन्सुलिनच्या इंजेक्शनने किंवा साखर तपासण्यासाठी बोटातून रक्ताचा थेंब घेतल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलमांचे मत आहे. तेव्हा रोजा मोडेल या भीतीने तपासणी टाळू नये.

प्रवासाचेही असेच आहे. रुग्णाला घेऊन आपण बारामती-इंदापूरहून पुण्याला जातो. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे. हनफी मताप्रमाणे सुमारे ७८ किलोमीटरच्या प्रवासाच्या इराद्याने गाव सोडले आणि तेथे पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असला, तर जुहर, अस्र आणि इशाच्या चार फर्ज रकअतींऐवजी दोनच अदा करायच्या. स्थानिक इमामामागे उभे राहिल्यास मात्र पूर्ण. परदेशातून चार दिवसांच्या रजेवर स्वतःच्या मूळ गावी आलेला मुलगा गावात मुसाफिर ठरत नाही. त्याने पूर्ण नमाज अदा करावी. या कसर नमाजविषयी हजरत उमर (रजि.) यांनी विचारले असता, हा अल्लाहने तुम्हाला दिलेला सदका आहे, तो स्वीकारा, असे प्रेषितांनी (सल्ल.) समजावले (मुस्लिम). आयुष्यभर सदका देणारे आपले हात अल्लाहचा सदका घेताना का आखडावेत?

सवलत घेतल्याने पुण्य घटेल, ही भीतीही निराधार आहे. माणूस आजारी पडतो किंवा प्रवासात असतो, तेव्हा निरोगी आणि घरी असताना तो जी सत्कर्मे करीत असे, ती त्याच्या खाती लिहिली जातात (बुखारी). आजारी आई आणि दूरदेशीचा मुलगा, दोघांच्याही दुःखावर या एकाच हदीसमध्ये फुंकर आहे.

आता लपवालपवीविषयी. प्रेषितांना (सल्ल.) तीव्र ताप असताना हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांनी हात लावून तसे म्हटले. त्यांनी ते लपवले नाही. तुमच्यातील दोघांना होतो तेवढा त्रास मला होतो, असे सांगितले (बुखारी). आप्तांना आजार सांगणे म्हणजे अल्लाहविरुद्ध तक्रार नव्हे. उलट, लपवून आपण दुआ करणाऱ्याची दुआ आणि सेवा करणाऱ्याची सेवा हिरावून घेतो.

हजरत रुकय्या (रजि.) यांचे जीवन पाहा. प्रेषितांची (सल्ल.) ही कन्या पती हजरत उस्मान (रजि.) यांच्यासह हबशाला हिजरत करून गेली होती, परदेशातील जीवन तिने अनुभवले होते. पुढे हिजरी सन २ च्या रमजानमध्ये (इ.स. ६२४) बद्रकडे कूच झाली तेव्हा ती आजारी होती. प्रेषितांनी (सल्ल.) उस्मान (रजि.) यांना तिच्या सेवेसाठी मदीनेतच थांबवले आणि बद्रमध्ये सहभागी झालेल्याइतके पुण्य व हिस्सा त्यांना दिला. विजयाची वार्ता मदीनेत पोहोचली तेव्हा तिच्या कबरीवर माती टाकली जात होती, असे सीरत-ग्रंथांत येते. पिता प्रवासात होता. थोड्याच दिवसांनी ईद आली. परदेशात असल्याने आई-वडिलांच्या जनाजाला पोहोचू न शकलेल्या बांधवांनो, तुमची ही वेदना सर्वश्रेष्ठ पित्यानेही सोसली आहे. स्वतःला गुन्हेगार समजू नका. मगफिरतची दुआ करा, त्यांच्या नावे सदका करा.

एका घरात दोन ईदी झाल्या म्हणूनही खंत नको. सौदीत चंद्र बहुधा एक दिवस आधी दिसतो. सीरियाहून मदीनेला परतलेल्या कुरैब यांनी तिकडचे चंद्रदर्शन सांगितले, तरी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मदीनेच्या चंद्रदर्शनानुसारच रोजे चालू ठेवले (मुस्लिम). जो जेथे आहे, त्याने तेथील लोकांसोबत ईद करावी.

शेवटची जबाबदारी आपणा शेजाऱ्यांची. आजाऱ्याची विचारपूस न करणाऱ्याला कयामतच्या दिवशी अल्लाह जाब विचारील: मी आजारी होतो, तू आला नाहीस, अमुक बंद्याकडे गेला असतास तर मी तुला तेथेच भेटलो असतो, अशा आशयाची हदीस मुस्लिममध्ये आहे. ज्या घरचा मुलगा दूर आहे, त्या घरी शीरखुर्म्याचा डबा घेऊन जा. पण त्याबरोबर औषधाची चिठ्ठीही पाहा आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारा.

त्या दिवशी दोघांचीही परवानगी घेऊन मी इस्पितळातूनच फोन जोडून दिला. दोघे रडले, एकमेकांवर रागावलेही. त्या रमजानमध्ये आईने उरलेले रोजे ठेवले नाहीत. फिदियाचा हिशेब मुलाने तिकडून केला आणि ती रक्कम मोहल्ल्यातील एका गरजू घरी मी पोहोचवली.

हे अल्लाह! आमच्या आजाऱ्यांना शिफा दे, दूर असलेल्यांना आफियतने घरी आण, एकमेकांशी खरे बोलण्याची हिंमत दे आणि तुझी सवलत कृतज्ञतेने स्वीकारण्याची बुद्धी दे. आमीन.