हातोड्याचं नेढं आखताना

चि. बाळास,

४० मिलिमीटरच्या चौरस गजातून स्वतःचा हातोडा घडवायचा बेत केलास, मनापासून आनंद झाला. भाता, कोळसा, ऐरण यांविषयी तू पुष्कळ विचारलंस. आखणीविषयी मात्र एक अक्षर नाही. म्हणून हे पत्र तेवढ्यापुरतंच.

दांडा बसायचं नेढं लोहार कोरून काढत नाही. लालबुंद गजात पंच घालून आतला माल बाजूला सारतो आणि मग ड्रिफ्ट ठोकून भोक फाकवतो. मध्य दोन मिलिमीटर सरकला, की एक गाल जाड आणि दुसरा पातळ होतो. पातळ गाल आधी तापतो, आधी मऊ पडतो आणि ड्रिफ्टखाली तोच जास्त ताणला जातो. सुरुवातीची चूक प्रत्येक तावाला वाढत जाते ती अशी.

फूटपट्टीने वीस मोजून खूण करू नकोस. गज नेमका चाळीसच असेल असं नाही, शिवाय त्याच्या कडा गोलसर असतात. पट्टी कुठून लावायची हाच प्रश्न पडतो. त्यापेक्षा मध्य काढायचं हत्यार घरीच कर. जाड पट्टीच्या तुकड्यात एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर तीन भोकं पाड. कडेच्या दोन भोकांत एकाच जाडीच्या पिना आणि मधल्या भोकात टोकदार स्क्राइबर. पिनांमधली मोकळी जागा गजाच्या रुंदीपेक्षा जास्त हवी. हत्यार गजावर ठेवून तिरकं फिरव. दोन्ही पिना दोन्ही अंगांना टेकल्या, की स्क्राइबरचं टोक मध्यावर आलंच. रुंदी कितीही असो. फक्त दोन्ही अंगं समांतर हवीत, निमुळत्या मालावर याच्यावर विसंबू नकोस.

हत्याराची परीक्षाही सोपी आहे. एक रेघ ओढ, मग हत्यार उलटं फिरवून पिनांची अदलाबदल कर आणि पुन्हा ओढ. एकच रेघ दिसली तर हत्यार खरं. दोन दिसल्या तर मध्य त्या दोहोंच्या बरोबर मधोमध आहे.

आता महत्त्वाचं. खडूची रेघ आगीत टिकत नाही, स्क्राइबरची बारीक रेघ खपलीखाली हरवते. टिकतो तो खोल ठिपका. आधी ६० अंशांच्या टोकाचा पंच रेघेवर हलकेच टेकव. टोक रेघेत अडकल्याचं बोटांना कळतं. ठिपका बाजूला पडला असेल तर पंच कलता धरून हळूहळू ओढून आण. मग ९० अंशांच्या सेंटर पंचाने खोल कर. नेढ्याच्या दोन्ही टोकांना असा ठिपका हवा आणि समोरच्या अंगावरही अगदी तसाच, कारण पंच दोन्हीकडून घालायचा आहे. गज भट्टीतून आला की वेळ थोडा असतो. डोळा चुकला तरी पंचाचं टोक त्या खळग्यात आपोआप बसतं. पहिला घाव हलका घाल, बघ, मगच जोर लाव.

पंचाचं डोकं फुलून कडा फाटल्या असतील तर आधी ग्राइंडरवर घासून काढ. ती कपची उडून डोळ्यात जाते. चष्मा लावल्याशिवाय यातलं काहीही करू नकोस.

गज आखून झाला की चारही अंगांचे फोटो मला पाठव. मी पाहीपर्यंत भट्टी पेटवू नकोस.

तुझा,
काका